फोटो धारदार येतात, पण जीव नसतो. काय चुकतंय?

काठावरचा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स आणि निसर्गचित्रांसाठी १६-३५ मिमी आहे. गेले आठ महिने जवळपास दर शनिवार-रविवार पहाटे एकाच तळ्यावर जातो. पलीकडे टेकडी, एका अंगाला मातीची उभी दरड, दुसऱ्या अंगाला दलदल. पक्षी भरपूर. सुरुवातीला फोटो हलायचे, आता ते जमलंय. शटर १/२००० सेकंदाच्या खाली येऊ देत नाही, फोकस डोळ्यावर बसतो, पिसं मोजून घ्यावीत इतकं स्पष्ट येतं. तरी फोटो उघडून बघितला की काहीच वाटत नाही. बायकोला दाखवला तर म्हणाली, "छान आहे. पाठ्यपुस्तकातल्यासारखा." त्या एका शब्दानं झोप उडवली आहे.

दुसरी पंचाईत अशी की उजाडताना टेकडीवर रंग चढतो म्हणून मी मोठी लेन्स काढून लहान लावायला घेतो, आणि नेमका तेव्हाच खंड्या येतो. ही काढून ती लावेपर्यंत खंड्या गेलेला असतो आणि रंगही. दोन्ही एकदम करणं शक्य आहे का, की एकाचा नाद सोडावा? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतला तर फरक पडेल का? आणि पांढरा बगळा दर वेळी नुसता पांढरा डाग का येतो?

गेल्या रविवारचा एक फोटो जोडतोय. खंड्या मासा घेऊन दरडीसमोरच्या वाळक्या फांदीवर बसला तो तब्बल वीस मिनिटं हललाच नाही. मी बारा-पंधरा पावलांवर. ऊन कोवळं, चोचीत मासा, आणखी काय हवं? चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन बघतो तर चारशेही एकसारखे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फोकल प्लेन

फुल फ्रेम घ्या. रात्रीचा नॉइज (फोटोतले दाणे) कमी होईल. बाकी फोटो मस्तच, उगाच मनाला लावून घेताय. बगळ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) मायनस करा.

अर्धा स्टॉप

काठावरचा, तुमचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला. बाकीचं नंतर, आधी त्या माशाविषयी बोलू.

मासा कसा धरलाय बघा. खंड्याला स्वतःला खायचा असेल तर तो मासा फांदीवर आपटतो, चोचीत फिरवून घेतो आणि डोकं घशाकडे करून गिळतो, म्हणजे खवले आणि पर उलटे अडकत नाहीत. तुमच्या फोटोत माशाचं डोकं बाहेर आहे, चोचीच्या टोकाकडे. म्हणजे हा घास दुसऱ्या कुणाच्या तरी घशात जायचा आहे. चोच पूर्ण काळी दिसतेय, तेव्हा हा नर. मादीची खालची चोच नारिंगी असते. मादीला द्यायला निघालाय किंवा पिल्लांना. समोर उभी मातीची दरड आहे, आणि खंड्या अशाच दरडीत बोगदा खणून घरटं करतो. बीळ तिथेच कुठेतरी आहे.

तो वीस मिनिटं तुमच्यासाठी बसला नव्हता हो. तुम्ही कधी उठता याची वाट बघत होता. चारशे फोटो एकसारखे का आले विचारता ना? चारशेही फोटोंत पक्षी एकच गोष्ट करतोय, तुमच्यावर नजर ठेवून आहे.

रागावू नका. मी याहून वाईट केलंय. फार वर्षांपूर्वी माळावर टिटवीची अंडी दिसली. चार अंडी, खड्यांमध्ये खड्यांसारखीच. आडवा पडलो आणि तासभर तिथेच. टिटव्या डोक्यावरून झेपा घेत ओरडत होत्या, आणि मला वाटत होतं, वा, काय अ‍ॅक्शन मिळतेय! ऊन तापलं होतं. टिटवी अशा उन्हात अंड्यांवर उभी राहून सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते, हे मला नंतर कळलं. त्या तासभरात अंड्यांवर सावली नव्हती, कारण तिची जागा मी घेतली होती. दोन दिवसांनी गेलो तर अंडी नव्हती. कुणी नेली, माझ्यामुळे गेली की कशी, काही सांगता येत नाही. त्या दिवसाचे फोटो आहेत अजून. फोकस अगदी जागच्या जागी आहे.

तेव्हापासून एक सवय लागली. जागेवर पोचलो की पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच. नुसतं बसायचं. आपण येण्याआधी इथे काय चाललं होतं ते परत सुरू होतं का ते बघायचं. बदक चरायचं थांबलं असेल, हरणानं मान वर करून कान तुमच्याकडे रोखले असतील, झाडातून एकच टोचणारा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर अजून तिथली बातमी तुम्हीच आहात. हरीण पुन्हा चरायला लागलं, बगळा पाय उचलून पुढच्या पावलाचा विचार करायला लागला, की समजायचं आपण जुने झालो. फोटो त्यानंतर सुरू होतो. आणि तसं होतच नसेल तर अंतर चुकलंय, मागे सरा. ६०० नं न भागणारी गोष्ट ८०० नं भागत नाही, सरकल्यानं भागते.

लपणाचा इतिहास वाचला तर गंमत वाटेल. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन नावाचे दोन इंग्रज भाऊ होते, १८९२ मध्ये त्यांनी घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी चक्क पोकळ बैल बनवून घेतला, कातडीसकट, आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात उभे राहिले. आपल्याला एवढं करायची गरज नाही. मळकट कापड आणि एक झुडूप पुरतं. गाडी तर उत्तम लपण आहे. कित्येक प्राणी-पक्षी गाडीला बुजत नाहीत, पण दार उघडून माणसाचा पाय खाली पडला की उडाले.

आता वाऱ्याबद्दल, कारण ते कुणी सांगत नाही. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. सकाळी सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी असेल तर उतरणारा प्रत्येक पक्षी छाती दाखवत तुमच्याकडे येतो. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्या मिळतील. जनावरांचं नेमकं उलटं, वास जातो. म्हणून पक्ष्यांसाठी वारा पाठीवर, जनावरांसाठी तोंडावर. मी चिमूटभर कोरडी माती सोडून बघतो, ॲप नको नि काही नको. आणखी एक, जरा अशोभनीय, पण खात्रीचं: बगळा, घार यांच्यासारखा मोठा पक्षी बसल्या जागी पुढे वाकला आणि शिटला, की बोट शटरवर ठेवा. बहुतेक वेळा पुढच्या काही क्षणांत उडतो.

लेन्स बदलायचं. तळ्यावर पोचून ठरवू नका, आदल्या रात्री ठरवा आणि दुसरी लेन्स घरी ठेवा. नुकसान होईल असं वाटेल, होत नाही. तुमची १५०-६०० सुद्धा निसर्गचित्राचीच लेन्स आहे. १५० वर टेकडीच्या एकामागे एक घड्या एकमेकींजवळ ओढल्या जातात, मधलं धुकं वेगळं दिसायला लागतं. आणि त्या चौकटीत कोपऱ्यात एक छोटा खंड्या आला, तर तो त्याच्या घरातला खंड्या असतो. तुम्ही आठ महिने पिसं मोजताय. पक्षी राहतो कुठे ते तुमच्या फोटोत अजून आलेलंच नाही. "दोन्ही एकदम करता येईल का" विचारलंत, तर माझ्या मते दोन्ही एकच काम आहे, तुम्ही ते दोन लेन्समध्ये वाटून ठेवलंय.

१/२००० चा हट्टही सोडा. उडत्या छोट्या पक्ष्याला तो हवाच. पण बसलेल्या बगळ्याला १/५०० पुरतो. तेवढ्यात दोन स्टॉप उजेड वाचला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती जास्त तितका नॉइज जास्त) १६०० ऐवजी ४०० वर आलात. फुल फ्रेमचे पैसे तिथेच वसूल.

बगळा. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. मागे गडद पाणी असलं की त्याला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं आणि बगळा जळतो, नुसता पांढरा डाग होतो. तेव्हा मायनस एक करून बघा. पण बगळ्यानं चौकट भरली असेल तर तेच मीटर त्याला मळकट करतं, तेव्हा प्लस. "बगळा म्हणजे मायनस" असं पाठ करू नका. मागे काय आहे ते बघा. हायलाइट (जळलेला भाग) पडद्यावर लुकलुकण्याची सोय चालू ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा.

आता तुमच्या खंड्याचं. त्या फांदीसमोर पुन्हा जाऊ नका. पिल्लं साधारण २४-२५ दिवसांची झाली की बिळाबाहेर पडतात. तोवर दरडीपासून लांब, निदान चाळीस-पन्नास पावलं, आडोशाला बसा. तो मासा घेऊन आला आणि न थांबता बिळात गेला तर अंतर बरोबर. फांदीवर मासा धरून बसून राहिला तर उठा आणि निघा. फोटो झाला की नाही हा प्रश्न तेव्हा येतच नाही.

फोकल प्लेन

@अर्धा स्टॉप, पटतंय, पण एवढं सोवळं पाळलं तर फोटो मिळणारच नाही. खंड्याचे बुडी मारतानाचे जे जबरदस्त फोटो दिसतात ते बरेचसे पाण्यात मासे सोडलेला ट्रे ठेवून, वर छानशी फांदी रोवून काढलेले असतात. सगळे करतात.

अर्धा स्टॉप

करतात, माहीत आहे. फांदी रोवण्याला माझी फारशी हरकत नाही. ट्रेबद्दल तुमचं तुम्ही ठरवा, पण खाली तसं लिहा. लोकांना चीड येते ती लपवण्याची. २००९ चं वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेचं सर्वोच्च बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं आणि २०१० च्या जानेवारीत काढून घेतलं गेलं, कारण लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकारानं ते नाकारलं. फोटो आजही तितकाच देखणा आहे. पण बघताना आता आपण लांडगा बघत नाही, फाटक कुणी निवडलं असेल त्याचा विचार करत बसतो.

धुकेरी

मी पक्षीवाली नाही, मला फक्त डोंगर आणि पाणी कळतं, तेव्हा तेवढंच.

काठावरचा, तुम्ही टेकडीवर रंग चढल्यावर लेन्स काढता, म्हणजे तिथेच उशीर झाला. सूर्य उगवायच्या आधी पूर्वेकडे पाठ करा. आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेच्या क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा दिसेल आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. जसजसं उजाडतं तसतशी ती खाली बुडते. मी कितीतरी वर्षं सगळ्यांसारखी सूर्याकडे तोंड करून उभी राहायचे आणि हे माझ्या पाठीमागे होऊन जायचं.

धुक्याचा अंदाजही बांधता येतो. रात्र निरभ्र, वारा पडलेला, आणि हवा पाण्यापेक्षा बरीच थंड झालेली असेल तर पहाटे तळ्यावर वाफेसारखं धुकं उठतं. रात्री ढग होते की मी गजर बंद करून झोपते. (हे घरी सांगू नका, घरच्यांना वाटतं मी फार नेमाची आहे.)

संध्याकाळी किती वेळ उरलाय हे बघायला हात पुढे ताणून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे तास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यावरून हे निघालंय. दोन बोटं उरली की मी जागा शोधणं थांबवते. मिळाली ती जागा आपली. त्या वेळेला धावत सुटलं की प्रत्येक ठिकाणचा अर्धवट फोटो मिळतो.

लहान लेन्स नेलीत तर: २४ मिमी, एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), फोकस अडीच-पावणेतीन मीटरवर. तुमच्या क्रॉप सेन्सरवर साधारण सव्वा-दीड मीटरपासून टेकडीपर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येईल. एफ २२ वर जाऊ नका, डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यानं) सगळंच मऊ पडतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) सूर्याच्या काटकोनातल्या आकाशावर सर्वात जास्त चालतो, म्हणून १६ मिमीवर आकाशात मधोमध गडद ठिगळ येतं. पाण्यावरची चकाकी घालवायला मात्र तो हवाच. पण तळ्याची चकाकी घालवून टाकल्यावर तळ्याचं काय उरतं, हा माझा खासगी प्रश्न.

आणि उजेड ओळखीचा करून घ्या. अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची ती प्रसिद्ध गोष्ट आहे ना, १९४१ ची. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या वस्तीजवळ रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, चंद्र वर आलेला, मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या क्रुसांवर. लाइट मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्यांना आकड्यात पाठ होती, त्यावरून मनात हिशोब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. मी ही गोष्ट वाचून पौर्णिमेच्या चंद्राचं एक्स्पोजर पाठ केलं: एफ ११, आयएसओ १००, शटर १/१००. त्याचा आजवर एकदाच उपयोग झालाय, पण झाला तेव्हा फार बरं वाटलं.

गवताची काडी

सगळं वाचलं, छान चर्चा. एकच जोडते. काठावरचा, फोटो इथे चढवताना त्यात जीपीएस (जागेचा ठावठिकाणा) राहिलाय का बघा आणि काढून टाका. तळ्याचं नाव सांगितलं नाहीत ते उत्तम केलंत. दरडीतलं बीळ कळलं की पुढच्या रविवारी तिथे दहा ट्रायपॉड असतील.

आणि ऊन चढल्यावर ६०० वर लांबचे फोटो काढत बसू नका. जमिनीवरून तापलेली हवा वर जाताना लहरते, फोकस कितीही नीट असला तरी फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. लेन्स खराब आहे समजून मी माझी दुरुस्तीला पाठवली होती. 'निर्दोष' अशी चिठ्ठी लावून परत आली.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. सोळा दिवसांनी लिहितोय, कारण आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं.

माशाचं वाचून खरं तर पोटात खड्डा पडला. ते चारशे फोटो पुन्हा काढून बघितले. पहिल्या पन्नासात तो डावीकडे बघतोय, दरडीकडे. मग माझ्याकडे. मग दरडीकडे. मग माझ्याकडे. हे मी आधी पाहिलंच नव्हतं, मी पिसांवर झूम करून बसलो होतो.

पुढच्या शनिवारी पन्नास पावलं मागे, करवंदासारख्या एका काटेरी झुडपाआड बसलो. अर्धा स्टॉप यांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा पिशवीत. सहाव्या-सातव्या मिनिटाला खंड्या आला, फांदीला शिवलाही नाही, सरळ बिळात. आत गेल्याचं दिसलं आणि मी श्वास सोडला. काही वेळानं उलट्या पावली बाहेर आल्यासारखा आला आणि पाण्यात बुचकळून निघाला, अंघोळ केल्यासारखा. तासाभरात चार फेऱ्या. फोटो शून्य.

रविवारी फक्त मोठी लेन्स नेली. रात्री आभाळ निरभ्र होतं, वारा नव्हता, आणि धुकेरीताई म्हणतात तसं पाण्यावर धुकं उठलं. १५० वर ठेवून दरड, तिच्यामागे टेकडी आणि मधलं धुकं अशी चौकट धरली. उजेड कमी होता, शटर १/६० वर आलं, मी तसंच राहू दिलं. खंड्या त्या चौकटीतून गेला. फोटोत तो पक्षी नाहीच, दरडीच्या तपकिरी अंधारात बोटभर निळी रेघ आहे.

बायकोला दाखवला. म्हणाली, "ह्यात पक्षी कुठाय?" मी सांगितलं नाही. तिनं तिचा तिनंच शोधला आणि फोन परत द्यायला बराच वेळ लावला.

फुल फ्रेमचा विचार तूर्त बाजूला. बगळा मात्र अजून जळतोच आहे. मायनस एक केलं होतं.

अर्धा स्टॉप

ऊन थेट अंगावर आणि मागे गडद पाणी असेल तर मायनस एकनं भागत नाही. मायनस दीड करून बघा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) टाका इथे, बघू. आणि ती निळी रेघ टाका आधी.